जोडणी नसलेल्या जागी ट्रेलरमध्ये गरम पाणी: गॅस किती, बॅटरी किती, पाणी किती?

कॅम्पग्राउंडवर वीज आणि पाण्याची जोडणी असली की ट्रेलरमधलं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातलं, गरम पाणी हा विषयच उरत नाही. बटण दाबायचं, तासाभरात नळ सोडायचा, झालं. जोडणी नसलेल्या मोकळ्या जागी मुक्काम केला की चित्र बदलतं. तिथे सोबत आणलेलं असेल तेवढ्यावरच भागवायचं असतं: सिलिंडरमधला गॅस, बॅटरीतली वीज आणि टाकीतलं पाणी. चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते, ती म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत उरलेली जागा.

नव्याने ट्रेलर घेतलेली माणसं सहसा गॅसची काळजी करतात. गॅस संपेल म्हणून आंघोळ टाळतात, गार पाण्यात भांडी घासतात. खरं तर सगळ्यात आधी संपतं ते पाणी, आणि एका चुकीच्या बटणाने रिकामी होते ती बॅटरी. गॅस बहुतेक वेळा पुरून उरतो. हे सगळं साध्या गुणाकार-भागाकारातून दिसतं, आणि तो एकदा करून पाहिला की गरम पाण्याबद्दलचे निम्मे गोंधळ आपोआप मिटतात.

पाणी तापवायला किती ऊर्जा लागते?

एकच आकडा लक्षात ठेवा: ८६०. विजेचं १ युनिट ८६० लिटर पाणी १ अंश सेल्सियसने तापवतं. म्हणजे लिटर गुणिले जितके अंश तापवायचं ते अंश, आणि त्याला ८६० ने भागलं की किती युनिट लागतील ते कळतं.

अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरमध्ये सर्वाधिक दिसणारा गीझर ६ गॅलनचा असतो, म्हणजे साधारण २३ लिटरचा. मोठ्या ट्रेलरमध्ये १० गॅलनचा, म्हणजे ३८ लिटरचाही मिळतो. आपण लहान गीझर धरू. टाकीतलं पाणी १५ अंशांचं आहे आणि ते ६० पर्यंत न्यायचं आहे. २३ गुणिले ४५ भागिले ८६०, उत्तर १.२ युनिट. पाणी तापवण्याचा मार्ग कोणताही घ्या, एवढी उष्णता त्यात घालावीच लागते. पाण्याला उष्णता फार लागते, हे त्यातलं मूळ दुखणं.

आता बॅटरीकडे बघू. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात साधारण तेवढीच, १.२ युनिट वीज असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर ती अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात ०.६ युनिट. लिथियम असेल तर जवळपास सगळी वापरता येते. थोडक्यात, एक अख्खी लिथियम बॅटरी खर्च करून गीझर एकदा तापेल. मग रात्री दिवे, पंप, पंखा, फोन चार्जिंग आणि फ्रिज कशावर चालवायचं?

म्हणून जोडणी नसताना गीझरच्या विजेच्या एलिमेंटला हात लावू नये. हे एलिमेंट साधारण १,४४० वॅटचं असतं. इन्व्हर्टरमार्फत ते चालवलं तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२० अँपिअरच्या वर प्रवाह ओढला जातो. मुद्दाम कोणी तसं करत नाही, पण नकळत होतं. ट्रेलरभर वीज देणारा इन्व्हर्टर असेल आणि मागच्या मुक्कामाला चालू केलेलं एलिमेंटचं बटण तसंच राहिलं असेल, तर पोचल्यावर इन्व्हर्टर सुरू करताच बॅटरी उतरायला लागते आणि तासाभरात सगळं शांत होतं. काही मॉडेलांमध्ये हे बटण दुहेरी असतं, एक आतल्या पॅनेलवर आणि एक बाहेरच्या झाकणामागे, खालच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही असं. जोडणी सोडून निघताना बाहेरचं बटण बंद करण्याची सवय लावून घ्या. आतलं कोणी चुकून दाबलं तरी मग काही बिघडत नाही.

गॅसचा हिशोब

१ किलो प्रोपेन जळला की जवळजवळ १४ युनिट उष्णता निघते. गीझरमध्ये त्यातला काही भाग धुराबरोबर बाहेर जातो. सत्तर टक्के पाण्यात उतरला असं धरू. मग १.२ युनिट पाण्यात घालायला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळावा लागतो. ९ किलोचा एक सिलिंडर अशा सत्तर वेळा तरी गीझर तापवेल. दिवसातून दोनदा तापवलं तरी महिनाभर जातो.

मग सिलिंडर लवकर संपल्याच्या तक्रारी येतात त्या कशामुळे? बहुतेक वेळा खोली गरम करणाऱ्या फर्नेसमुळे. ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप, इथे तासाला किती उष्णता ते) फर्नेस सतत जळत राहिली तर तासाला ६०० ग्रॅमच्या वर गॅस खाते. थंडीच्या एका रात्रीत ती जितका गॅस जाळेल तितक्यात कितीतरी दिवसांच्या आंघोळी होतात. गॅस वाचवायचाच असेल तर थर्मोस्टॅट दोन अंश खाली आणा आणि एक पांघरूण जास्त घ्या. आंघोळ सोडण्याचं कारण नाही.

गॅसवर चालणाऱ्या गीझरलाही थोडी वीज लागते, पण ती फक्त नियंत्रणासाठी. आतल्या पॅनेलवरचं गॅसचं बटण दाबा आणि बाहेर जाऊन गीझरच्या जाळीजवळ कान द्या. आधी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी गॅसची झडप, उघडल्याची एक बारीक ‘टक’ ऐकू येते. लगेच गॅसच्या शेगडीचा लायटर वाजावा तशी ठिणगीची टिकटिक, आणि मग एक ‘भक्’ होऊन घोंघावणारी ज्योत. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडलाच ज्योत लागल्याचं कळतं. काही सेकंदांत ती लागली नाही तर गीझरचं नियंत्रण करणारं सर्किट कार्ड स्वतःहून गॅस बंद करतं, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतं, आणि बहुतेक मॉडेलांत तीन प्रयत्नांनंतर लाल दिवा लावून थांबतं. हा सगळा कारभार एखाद्या अँपिअरवर चालतो. अर्धा तास ज्योत राहिली तर अर्धा अँपिअर-तास. बॅटरीच्या दृष्टीने काहीच नाही.

जुन्या ट्रेलरमधले काही गीझर त्याहून साधे असतात. त्यांच्यात एक लहानशी पायलट ज्योत काडीने पेटवून ठेवायची असते आणि थर्मोकपल, म्हणजे उष्णता ओळखणारा सेन्सर, तिच्यावर लक्ष ठेवतं. त्यांना बॅटरी लागतच नाही. मात्र वाऱ्यात पायलट विझते आणि ती पेटवायला दर वेळी बाहेर गुडघ्यावर बसावं लागतं.

पाणी नळापर्यंत आणायला पंप लागतो. तो पाच-सात अँपिअर घेतो, पण नळ चालू असेपर्यंतच. दीड मिनिटाच्या आंघोळीला त्याचा खर्च ०.२ अँपिअर-तासाच्या आसपास. म्हणजे गॅसने तापवलं तर एका साध्या बॅटरीवरही गरम पाण्याची सोय आरामात होते. उष्णता गॅसकडून घ्यायची आणि बॅटरी फक्त ठिणगी नि पंपासाठी राखायची.

गीझर दिवसभर चालू ठेवू नये. टाकीभोवती थर्मोकोलचं कवच असतं, पण त्यातूनही उष्णता झिरपतच राहते आणि ज्योत अधूनमधून पुन्हा पेटत राहते. हवं त्याच्या अर्धा तास आधी लावा, ६ गॅलनच्या १२,००० बीटीयूच्या गीझरला तेवढा वेळ पुरतो, आणि पाणी तापलं की बंद करा. बंद केल्यावरही पाणी काही तास चांगलं गरम राहतं. भांडी आणि आंघोळ एकाच तापवणीत उरकली तर उत्तम.

खरा तुटवडा पाण्याचा

२३ लिटरच्या गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी आहे. अंगावर घ्यायचं असतं ते साधारण ४० अंशांचं. १५ अंशांचं गार पाणी मिसळून कागदावर त्याचं ४१ लिटर होतं. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, कारण नळातून गरम पाणी बाहेर पडतं तसं गीझरमध्ये तळातून गार पाणी शिरतं आणि दोन-तृतीयांश पाणी गेलं की बाहेर येणारं कोमट होऊ लागतं. हातात पडतं ते आंघोळीजोगं २५ ते ३० लिटर.

ट्रेलरचा शॉवर मिनिटाला ६ ते ८ लिटर पाणी सोडतो. शॉवर सतत चालू ठेवला तर चार मिनिटांत पाणी गार. म्हणून ‘गीझर लहान आहे’ असं वाटतं. पण मोठा गीझर बसवून प्रश्न सुटत नाही, तो फक्त पाण्याच्या टाकीकडे सरकतो. समजा ट्रेलरमध्ये १५० लिटरची टाकी आहे आणि दोन माणसं आहेत. पिणं-स्वयंपाक ८ लिटर, भांडी ७, शौचालय ६. आंघोळीला प्रत्येकी १२ लिटर धरले तर दिवसाला ४५ लिटर होतात आणि टाकी तीन दिवस पुरते. प्रत्येकाने आठ मिनिटं शॉवर चालू ठेवला तर एकट्या आंघोळीचेच शंभर लिटर होतात आणि दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी. शिवाय ते शंभर लिटर सांडपाण्याच्या टाकीत जाऊन बसतात. ती टाकी अनेक ट्रेलरमध्ये स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा लहान असते. ती भरली की पाणी मागे, शॉवरच्या तळात येतं, आणि ते दिसलं की मुक्काम हलवावाच लागतो. उघड्यावर सोडून द्यायचं तर बहुतेक ठिकाणी त्याला बंदी असते, आणि ती योग्यच आहे.

बारा लिटरची आंघोळ कशी होते? अंग भिजेपर्यंत अर्धा मिनिट शॉवर, मग बंद. साबण, केस सगळं निवांत. मग एक मिनिट अंग धुवायला. जहाजावरचे खलाशी याच पद्धतीने आंघोळ करतात. जहाजावरही गोडं पाणी मोजकंच असतं. यासाठी शॉवरच्या दांडीवर बटण असलेली हँडशॉवर घ्या. मिक्सरचे दोन्ही नळ आपल्याला हवे त्या तापमानावर ठेवून फक्त दांडीवरचं बटण दाबायचं. चांगल्या हँडशॉवरमधून बटण बंद असतानाही थेंब-थेंब पाणी येत राहतं. ती गळती नव्हे, तसं मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे पुन्हा चालू करताना एकदम कढत पाणी अंगावर येत नाही.

आणखी एक पाणी रोज वाया जातं, आणि ते कोणी मोजत नाही: गरम येण्याआधीचं गार. ट्रेलरमधल्या अर्ध्या इंची पाइपात मीटरला ०.११ लिटरच्या आसपास पाणी मावतं. गीझरपासून शॉवरपर्यंत सहा मीटर पाइप असेल तर पाऊण लिटर गार पाणी आधी बाहेर पडतं, आणि गार पाइप तापेपर्यंत आणखी थोडं. दर वेळी लिटर-दीड लिटर धरा. शॉवरखाली एक लहान बादली किंवा जग ठेवा. ते पाणी स्वच्छच असतं. चहाच्या किटलीत, भांडी विसळायला किंवा शौचालयात ते सहज खपतं. हँडशॉवर थेट जगात धरून सुरू केला तर एक थेंबही सांडपाण्यात जात नाही.

टाकी नसलेला गीझर चांगला का?

नव्या ट्रेलरांत झटपट गीझर येऊ लागले आहेत. त्यांत पाणी साठवलं जात नाही. नळ सोडला की पाण्याचा प्रवाह सेन्सरला जाणवतो, मोठी ज्योत पेटते आणि वाहता वाहता पाणी तापतं. ४२,००० बीटीयूचा असा गीझर मिनिटाला साधारण ३ लिटर पाणी ४५ अंशांनी तापवू शकतो. पाणी ‘न संपणारं’ असल्याची जाहिरात केली जाते, आणि जोडणी असलेल्या जागी ते खरंही आहे.

मोकळ्या जागी मला तो गैरसोयीचा वाटतो. न संपणारं गरम पाणी न संपणाऱ्या टाकीशिवाय काय कामाचं? शिवाय थांबत थांबत घेतलेल्या आंघोळीशी त्याचं जमत नाही. शॉवर बंद केला की ज्योत विझते. पुन्हा चालू केला की पाइपात राहिलेलं थोडं गरम पाणी येतं, मग ज्योत पुन्हा पेटेपर्यंत न तापलेला गार पाण्याचा एक पट्टा अंगावर येतो, आणि मग पुन्हा गरम. केसात साबण असताना ते नकोसं होतंच, पण तो पट्टा संपेपर्यंत बाजूला उभं राहणं म्हणजे पाणी फुकट घालवणं. प्रवाह फार कमी ठेवला तर ज्योत पेटतच नाही, म्हणजे बारीक धारेत भांडी धुणंही अवघड.

तुमच्या ट्रेलरमध्ये तोच असेल तर एक युक्ती आहे. तापमान ६० वर ठेवून गार पाणी मिसळू नका. गार नळ जितका सोडाल तितकं गीझरमधून कमी पाणी वाहतं आणि ज्योत विझण्याची वेळ येते. तापमान ४० च्या जवळ लावा आणि फक्त गरम नळ पूर्ण सोडा. काही मॉडेलांत पाइपातलं पाणी फिरवत ठेवण्याची सोय असते, तिच्यामुळे गार पट्टा कमी होतो. पण त्या फिरवण्यालाही वीज आणि गॅस लागतो.

सूर्य, किटली, जनरेटर

काळी सौर पिशवी ही सगळ्यात कमी लेखलेली सोय आहे. २० लिटरची पिशवी घ्या. भर दुपारी स्वच्छ आकाशात दर चौरस मीटरवर १,००० वॅटच्या आसपास ऊन पडतं. पिशवीचा पृष्ठभाग पाव चौरस मीटर धरला तर अडीचशे वॅट. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला ०.४६ युनिट लागतं, म्हणजे आदर्श परिस्थितीत दोन तास. वाऱ्याने उष्णता निघून जाते म्हणून तीन-चार तास धरा. पिशवी गाडीच्या बॉनेटवर किंवा गडद जमिनीवर आडवी पसरा, पारदर्शक बाजू वर, आणि वाऱ्याच्या आडोशाला. भरलेल्या पिशवीचं वजन २० किलो होतं, त्यामुळे ती टांगायची जागा आधीच बघून ठेवा. वापरण्यापूर्वी हात घालून तापमान तपासा, कडक उन्हात पाणी भाजण्याइतकं तापू शकतं.

किटलीचा हिशोबही सोपा आहे. जवळजवळ उकळलेलं २ लिटर पाणी आणि २० अंशांचं ६ लिटर पाणी एकत्र केलं की ३९ अंशांचं ८ लिटर पाणी मिळतं. बादली आणि मग असेल तर एका माणसाची नीट आंघोळ होते. गीझर बिघडला तरी मुक्काम सोडायची गरज नाही.

छतावरच्या सोलर पॅनेलने पाणी तापवता येईल का, असं बरेच जण विचारतात. ४०० वॅटची पॅनेल चांगल्या दिवशी दीड ते दोन युनिट देतात. त्यातली १.२ एकदा गीझर तापवण्यातच गेली तर फ्रिजला काय? पण ६००-८०० वॅटची पॅनेल आणि ३०० अँपिअर-तासाच्या वर लिथियम असेल, तर गोष्ट वेगळी. दुपारी एकला बॅटरी भरून जाते आणि त्यानंतरचं ऊन कोणाच्याच कामी येत नाही. तेव्हा एलिमेंट चालवून ते पाण्यात साठवलं तर शहाणपणाचंच. १२ व्होल्टवर थेट चालणारी कमी ताकदीची एलिमेंटही मिळतात. ३०० वॅटचं एलिमेंट लहान गीझर चार तासांत तापवतं, आणि दुपारी तेवढा वेळ असतोच. मात्र बॅटरी भरण्याआधी हे सुरू करू नका.

जनरेटर लावून एलिमेंट चालवणं मला पटत नाही. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा वीज बनतो, बाकी सायलेन्सरवाटे जातो. शेजारी सिलिंडर असताना एवढा आवाज कशासाठी? दुसऱ्या कामासाठी जनरेटर सुरूच असेल तर मात्र त्याच वेळात पाणी तापवून घ्या.

बाहेर टांगायचे सुटे गॅस गीझर चांगले चालतात. पण त्यांचा धूर बाहेर नेणारी नळी नसते. ते तंबूत, ट्रेलरच्या बाथरूममध्ये किंवा बंद छताखाली कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेतच माणूस मारतो. ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅसगळतीचा अलार्म, दोन्ही चालू आहेत का ते प्रत्येक सहलीआधी बटण दाबून बघा. गळतीचा अलार्म जमिनीलगत बसवलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि खाली साठतो.

पाणी गरम येत नाही तेव्हा

गीझर पेटतच नसेल तर आधी स्वयंपाकाची शेगडी पेटवून बघा. सिलिंडर बदलल्यावर पाइपात हवा असते आणि तीन प्रयत्न त्या हवेतच संपतात. शेगडी स्थिर जळू लागली की गीझरचं बटण बंद-चालू करा. शेगडीही अगदी मंद जळत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला गेला असण्याची शक्यता आहे. तसं केलं की आतली सुरक्षा यंत्रणा गळती समजून गॅस अडवते. सगळं बंद करा, काही मिनिटं थांबा, व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. बॅटरी फार उतरली असेल तरीही कार्ड ज्योत लावू देत नाही.

ज्योत निळी आणि घोंघावणारी हवी. पिवळी, आळशी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा गांधीलमाशीचं मातीचं घर असण्याची दाट शक्यता. बरेच महिने उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये हे हमखास सापडतं.

ज्योत उत्तम, गीझरचं अंग तापलेलं, पण नळाला कोमट पाणी, ही सगळ्यात गोंधळात टाकणारी तक्रार. तिची दोन कारणं आधी तपासा. पहिलं, बायपास व्हॉल्व्ह. हिवाळ्याआधी गीझर वगळून पाइप जोडला जातो, आणि नंतर तो तसाच राहिला तर गार पाणी गीझरला वळसा घालून थेट गरम नळात येतं. दुसरं कारण बाहेरचा शॉवर. त्याचे गरम-गार दोन्ही नळ उघडे राहिले आणि पाणी फक्त दांडीवरच्या बटणाने बंद केलं असेल, तर त्या मिक्सरमध्ये गरम आणि गार लाइन एकमेकींना जोडल्या जातात. मग ट्रेलरमधला प्रत्येक नळ कोमट. बाहेर जाऊन ते दोन नळ घट्ट बंद करा. मेकॅनिकला बोलावण्याआधी हे करून बघाच.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील तर घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं, आणि त्या फुगण्याला जागा मिळावी म्हणून टाकीत वर थोडी हवा असते. ती हवा कालांतराने पाण्यात विरघळून जाते. गीझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, पंप बंद करा, गरम नळ उघडून दाब घालवा, मग सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्या. वर हवा परत येते. त्यानंतर दांडा आणि नळ बंद करा, पंप सुरू करा. हा व्हॉल्व्ह कधीही बूच मारून बंद करू नका. दाब अतोनात वाढला तर टाकी फुटू न देणारी तीच एक गोष्ट आहे.

गरम पाण्यालाच कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो टाकीतल्या मॅग्नेशियमच्या अ‍ॅनोड दांड्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. टाकी निर्जंतुक करून स्वच्छ धुतली की तो जातो. पण तसाच वास नळ बंद असताना, हवेत येत असेल तर तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वास आहे. सिलिंडर बंद, सगळे बाहेर, आणि कोणतंही बटण दाबायचं नाही.

हा अ‍ॅनोड दांडा पोलादी टाकीतच असतो. अॅल्युमिनियमच्या टाकीत तो नसतो, आणि घालूही नये. नवा दांडा अंगठ्याइतका जाड, गुळगुळीत असतो. वर्षभराने काढला तर पांढऱ्या पोपड्यांनी भरलेला, खड्डे पडलेला निघतो. टाकीच्या पत्र्याऐवजी तो गंजतो, हेच त्याचं काम. तीन-चतुर्थांश झिजला की बदला. काढण्यापूर्वी पाणी गार आणि दाब शून्य असल्याची खात्री करा, नाहीतर दांडा आणि त्यामागचं कढत पाणी थेट अंगावर येतं.

रिकामी टाकी कधीही तापवू नये, हे वेगळं सांगायला हवं. गीझर लावण्याआधी गरम नळ सोडा आणि फुरफुर थांबून अखंड धार येईपर्यंत वाट बघा. पाण्याबाहेर राहिलेलं विजेचं एलिमेंट बघता बघता जळून जातं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत गंभीर भाजू शकतं, तेव्हा लहान मुलं सोबत असतील तर आधी गार नळ सोडा, मग गरम.

थंडी पडली की

सिलिंडरमध्ये काय भरलंय ते बघा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जवळच थांबतो. ब्युटेन जास्त असलेल्या मिश्रणाचा सिलिंडर कडाक्याच्या पहाटे भरलेला असूनही ज्योत देत नाही.

गोठताना पाणी साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि गीझर ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीत असल्यामुळे त्याला थंडीचा फटका लवकर बसतो. शून्याखालच्या रात्री ट्रेलरमध्ये राहणार असाल तर गीझर रात्रभर गॅसवर चालू ठेवण्याला पर्याय नाही. तेव्हा तो बंद करण्याचा नियम बाजूला ठेवा. ट्रेलर उभा करून जाणार असाल तर गीझर गार करून, दाब काढून, खालचं बूच किंवा अ‍ॅनोड दांडा काढून टाकी रिकामी करा, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून हवा आत येऊ द्या, आणि मगच बायपास लावून पाइपांत गोठणरोधक भरा. बायपास आधी लावला नाही तर २३ लिटर गोठणरोधक नुसतं टाकी भरण्यात जातं. बायपास लावल्याची चिठ्ठी लिहून आतल्या गॅसच्या बटणावरच चिकटवा.